स्प्रिंगचे बीन्स स्प्रिंगबाहेरच्या कोडपर्यंत कसे पोचवायचे

सर्व्हलेटमधल्या (वेब रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या जावा क्लासमधल्या) फील्डवर @ऑटोवायर्ड, म्हणजे 'इथे स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कने ऑब्जेक्ट भरावा' अशी खूण लिहिली, कोड बिनतक्रार कंपाइल झाला, टॉमकॅट हा सर्व्हलेट चालवणारा सर्व्हरही नीट सुरू झाला, आणि पहिल्याच रिक्वेस्टला नल-पॉइंटर-एक्सेप्शन. स्प्रिंगच्या कंट्रोलरमध्ये मात्र तोच बीन (स्प्रिंगने बनवून सांभाळलेला ऑब्जेक्ट) व्यवस्थित मिळतो. मग माणूस पॅकेजची नावं तपासतो, स्कॅनिंग (स्प्रिंगने पॅकेजमधले क्लास शोधणं) तपासतो, जार बदलून बघतो. दोष यातल्या कशातच नसतो. तो सर्व्हलेट स्प्रिंगने बनवलेलाच नसतो, त्यामुळे त्याच्या फील्डमध्ये काही भरायचा प्रसंग स्प्रिंगवर आलेलाच नसतो.

जुनं जावा वेब अ‍ॅप स्प्रिंगवर नेताना हे हमखास होतं, कारण एका फटक्यात सगळं कोणीच बदलत नाही. नवा भाग स्प्रिंगचा, जुना भाग सर्व्हलेटचा आणि जेएसपीचा (एचटीएमएलमध्ये जावा मिसळून लिहिलेल्या पानांचा), अशी दोघांची सोबत वर्षानुवर्षं चालते. त्या काळात स्प्रिंगच्या ताब्यातले ऑब्जेक्ट जुन्या कोडला कसे द्यायचे, ते इथे क्रमाने बघू.

उदाहरण म्हणून एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर धरू. त्यात इंटरेस्ट-सर्व्हिस नावाचा बीन आहे. तो डेटाबेसमधून व्याजदर वाचतो, मेमरीत कॅश करतो आणि ठेवीवरचं व्याज काढतो. हा बीन पासबुक छापणाऱ्या जुन्या सर्व्हलेटला हवा आहे, लॉगिन तपासणाऱ्या फिल्टरला (रिक्वेस्ट सर्व्हलेटच्या आधी याच्यातून जाते) हवा आहे, पावतीच्या जेएसपीला, क्वार्ट्झ या ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या लायब्ररीच्या रात्रीच्या जॉबला, आणि हिशेब-युटिल नावाच्या, सगळ्या मेथड स्टॅटिक असलेल्या क्लासलाही हवा आहे.

वाचण्याआधी एक सोय समजून घ्या. क्लासची आणि मेथडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. जिथे हायफन आहे तिथून पुढचा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षराने सुरू होतो आणि मधे जागा नसते. आयडीईमध्ये पहिली दोन-तीन अक्षरं टाकलीत की नाव सापडेल.

आधी शोधा: 'न्यू' कोणी केलं?

स्प्रिंग फक्त दोन प्रकारच्या ऑब्जेक्टमध्ये इंजेक्शन करतं, म्हणजे लागणारे बीन्स भरून देतं: जे त्याने स्वतः बनवले, आणि जे कोणीतरी मुद्दाम त्याच्या हातात दिले. म्हणून कोडला हात लावण्यापूर्वी कागदावर यादी करा. बीन हवा असलेला प्रत्येक क्लास घ्या आणि त्याचा ऑब्जेक्ट कोण बनवतं ते पुढे लिहा. सर्व्हलेट, फिल्टर आणि लिसनर (सुरू-बंद होण्यासारख्या घटनांची बातमी घेणारा क्लास) टॉमकॅट बनवतो. जॉब क्वार्ट्झ बनवतो. एंटिटी, एंटिटी-लिसनर आणि अ‍ॅट्रिब्यूट-कन्व्हर्टर हायबरनेट ही डेटाबेसमधला डेटा जावा ऑब्जेक्टमध्ये (म्हणजे एंटिटीत) आणणारी लायब्ररी बनवते. हिशेब-युटिलचा ऑब्जेक्ट कोणीच बनवत नाही, तो नुसता क्लास म्हणून लोड होतो. आणि बरेच क्लास तुमच्याच कोडमध्ये कुठेतरी 'न्यू' होत असतात.

या शेवटच्या गटाला कसलीच युक्ती लागत नाही. तिथलं 'न्यू' काढा, त्या क्लासलाच बीन करा आणि इंटरेस्ट-सर्व्हिस कन्स्ट्रक्टरमधून घ्या. ते जमत नसेल तर जो 'न्यू' करतो त्याने बीन मिळवून तो कन्स्ट्रक्टरला द्यावा. यादीतली बरीच नावं इथेच गळतात. पुढचे मार्ग उरलेल्यांसाठी आहेत, आणि प्रत्येकाचा मार्ग त्याला बनवणाऱ्यावर ठरतो.

मूळ कॉन्टेक्स्ट एकच, आणि तो योग्य वेळी

वॉर फाइलच्या (टॉमकॅटवर चढवायच्या गठ्ठ्याच्या) पारंपरिक मांडणीत वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये कॉन्टेक्स्ट-लोडर-लिसनर नोंदवलेला असतो. अ‍ॅप चढताना तो मूळ वेब-अ‍ॅप्लिकेशन-कॉन्टेक्स्ट (स्प्रिंगचे बीन्स बनवून ठेवणारा डबा) तयार करतो आणि सर्व्हलेट-कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे टॉमकॅटच्या सामायिक ऑब्जेक्टमध्ये, एका ठराविक नावाच्या अ‍ॅट्रिब्यूटखाली ठेवून देतो. ते नाव म्हणजे वेब-अ‍ॅप्लिकेशन-कॉन्टेक्स्ट या इंटरफेसचं पॅकेजसकट पूर्ण नाव, आणि शेवटी डॉट रूट. सर्व्हलेट-कॉन्टेक्स्ट प्रत्येक सर्व्हलेटला, फिल्टरला, लिसनरला आणि जेएसपीला दिसतो. पुढे सांगितलेले निम्मे मार्ग या एका अ‍ॅट्रिब्यूटवर उभे आहेत.

क्रम महत्त्वाचा आहे. टॉमकॅट आधी लिसनर चालवतो, मग फिल्टर सुरू करतो, आणि त्यानंतर लोड-ऑन-स्टार्टअप असलेले (चढतानाच सुरू करायचे) सर्व्हलेट. लिसनर वेब डॉट एक्सएमएलमध्ये लिहिलेल्या क्रमाने सुरू होतात आणि अ‍ॅप बंद होताना उलट्या क्रमाने संपतात. म्हणून स्प्रिंगचा लिसनर सगळ्यात वर ठेवा. तुमचा लिसनर त्याच्या वर असेल तर त्याला सुरुवातीला कॉन्टेक्स्ट मिळणार नाही, आणि बंद होताना कॉन्टेक्स्ट आधीच मिटलेला असेल.

आता दुसरी गोष्ट, जी तपासायची सहसा राहून जाते. डिस्पॅचर-सर्व्हलेटचा (रिक्वेस्ट कंट्रोलरकडे पोचवणाऱ्या स्प्रिंगच्या सर्व्हलेटचा) स्वतःचा वेगळा कॉन्टेक्स्ट असतो आणि तो मूळ कॉन्टेक्स्टचा मुलगा असतो. मुलाला बापाकडचे बीन्स दिसतात, बापाला मुलाकडचे दिसत नाहीत. जुन्या कोडला द्यायचा बीन मुलाच्या कॉन्टेक्स्टमध्ये असेल तर बाहेरून तो सापडत नाही. सर्व्हिस, रिपॉझिटरी, डेटासोर्स हे सगळं मूळ कॉन्टेक्स्टमध्ये, आणि कंट्रोलर व व्ह्यू-रिझॉल्व्हर तेवढे मुलाकडे, अशी वाटणी ठेवा. दोन्हीकडे तेच पॅकेज स्कॅन होत असेल तर एकाच सर्व्हिसचे दोन ऑब्जेक्ट तयार होतात. शिवाय ट्रान्झॅक्शनची सेटिंग ज्या कॉन्टेक्स्टमध्ये लिहिली आहे तेवढ्यापुरतीच लागू पडते, त्यामुळे मुलाकडच्या प्रतीवरचं @ट्रान्झॅक्शनल मुकाट निष्प्रभ होतं. एररही येत नाही. रोलबॅक व्हायला हवा तिथे होत नाही, तेव्हा कळतं.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका: सर्व्हलेटमध्ये बसून 'न्यू' क्लास-पाथ-एक्सएमएल-अ‍ॅप्लिकेशन-कॉन्टेक्स्ट. बीन मिळतो, स्क्रीनवर आकडा दिसतो, म्हणून हा कोड पुढे जातो. प्रत्यक्षात तुम्ही सगळ्या बीन्सची दुसरी फौज उभी केलेली असते. व्याजदर बदलला तर एका कॅशमध्ये नवा आणि दुसऱ्यात जुना. हिकारी या डेटाबेस कनेक्शन्सच्या पूलमध्ये ठरवून दिलं नसेल तर जास्तीत जास्त १० कनेक्शन्स असतात, आता दोन पूल मिळून २०. पोस्टग्रेस डेटाबेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शन्सची. हीच ओळ इनिटऐवजी डू-गेटमध्ये असेल तर दर रिक्वेस्टला नवा पूल, आणि ती मर्यादा बघता बघता संपते. सगळ्यात वाईट म्हणजे @शेड्यूल्ड असलेलं, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम दोन्ही कॉन्टेक्स्टमध्ये चालतं. रात्री व्याज जमा करण्याचं काम दोनदा चाललं तर सकाळी सभासदांच्या खात्यांत काय दिसेल, ते सांगायला नको.

सर्व्हलेट

इथे तीन मार्ग आहेत.

पहिला सरळ मागून घेण्याचा. सर्व्हलेटची विनापॅरामीटरची इनिट मेथड ओव्हरराइड करा. तिच्यात वेब-अ‍ॅप्लिकेशन-कॉन्टेक्स्ट-युटिल्स या क्लासची गेट-रिक्वायर्ड-वेब-अ‍ॅप्लिकेशन-कॉन्टेक्स्ट ही स्टॅटिक मेथड बोलवा, तिला गेट-सर्व्हलेट-कॉन्टेक्स्ट द्या, आलेल्या कॉन्टेक्स्टवर गेट-बीन बोलवून इंटरेस्ट-सर्व्हिसचा क्लास द्या आणि मिळालेला बीन फील्डमध्ये ठेवा. नावात 'रिक्वायर्ड' असलेलीच मेथड घ्या. कॉन्टेक्स्ट नसेल तर ती तिथल्या तिथे इलीगल-स्टेट-एक्सेप्शन टाकते आणि कॉन्टेक्स्ट-लोडर-लिसनर नोंदवला आहे का, असं विचारते. 'रिक्वायर्ड' नसलेली मेथड गप्पपणे नल देते आणि गोंधळ पुढच्या ओळीवर ढकलते.

दुसरा मार्ग @ऑटोवायर्ड चालू करण्याचा. त्याच इनिटमध्ये स्प्रिंग-बीन-ऑटोवायरिंग-सपोर्ट या क्लासची प्रोसेस-इंजेक्शन-बेस्ड-ऑन-सर्व्हलेट-कॉन्टेक्स्ट ही मेथड बोलवा. पहिला पॅरामीटर धिस, दुसरा सर्व्हलेट-कॉन्टेक्स्ट. सर्व्हलेटमधली @ऑटोवायर्ड आणि @व्हॅल्यू असलेली सगळी फील्ड्स भरली जातात. @रिसोर्स मात्र यात भरलं जात नाही, कारण ते स्प्रिंगमध्ये वेगळा प्रोसेसर हाताळतो. बीन्स तीन-चार असतील तर हा मार्ग पहिल्यापेक्षा सुटसुटीत. पॅरामीटर असलेली इनिट ओव्हरराइड करायची वेळ आली तर सुपर डॉट इनिट विसरू नका. ती ओळ राहिली की गेट-सर्व्हलेट-कॉन्टेक्स्टच एक्सेप्शन देतो आणि सगळा आळ स्प्रिंगवर येतो.

तिसरा मार्ग मला सर्वांत आवडतो आणि तो सर्वांत कमी वापरला जातो. सर्व्हलेट टॉमकॅट बनवतो ना, मग त्याचं काम बीनकडे द्या. वेब डॉट एक्सएमएलमध्ये पासबुक-सर्व्हलेटच्या जागी स्प्रिंगचा एचटीटीपी-रिक्वेस्ट-हँडलर-सर्व्हलेट नोंदवा. त्याचं सर्व्हलेट-नाव जे असेल, त्याच नावाचा बीन मूळ कॉन्टेक्स्टमध्ये ठेवा. तो बीन एचटीटीपी-रिक्वेस्ट-हँडलर हा इंटरफेस पाळतो आणि त्यात हँडल-रिक्वेस्ट ही एकच मेथड असते. जुन्या डू-गेटमधला कोड उचलून तिथे ठेवायचा. यूआरएल तीच राहते, क्लास मात्र पूर्णपणे स्प्रिंगचा होतो. कन्स्ट्रक्टर इंजेक्शन चालतं आणि टेस्ट लिहिताना टॉमकॅट लागत नाही. अडचण एकच: गेट आणि पोस्ट दोन्ही त्याच मेथडमध्ये येतात, वेगळं वागायचं असेल तर रिक्वेस्टची मेथड स्वतः तपासावी लागते.

फिल्टर आणि लिसनर

फिल्टरसाठी विचार करायची गरज नाही, डेलिगेटिंग-फिल्टर-प्रॉक्सी वापरा (प्रॉक्सी म्हणजे खऱ्या ऑब्जेक्टच्या पुढे उभं राहून काम त्याच्याकडे पोचवणारा ऑब्जेक्ट). वेब डॉट एक्सएमएलमध्ये हा क्लास नोंदवायचा, फिल्टर-नावाला बीनचं नाव द्यायचं, आणि तुमचा खरा फिल्टर त्याच नावाचा बीन म्हणून ठेवायचा. दोन्ही नावं वेगळी ठेवायची असतील तर टार्गेट-बीन-नेम हा इनिट-पॅरामीटर आहे. स्प्रिंग सिक्युरिटी याच दारातून आत येते.

त्यात एक बारकावा आहे. मूळ सेटिंगमध्ये ही प्रॉक्सी तुमच्या फिल्टरच्या इनिट आणि डिस्ट्रॉय मेथड बोलवतच नाही, कारण त्या बीनचं आयुष्य स्प्रिंग सांभाळतं असं ती धरून चालते. जुन्या लॉगिन-फिल्टरने इनिटमध्ये वगळायच्या यूआरएलची यादी वाचली असेल, तर ती यादी रिकामी राहते आणि लॉगिनच्या पानालाच लॉगिन लागतं. ब्राउझर 'टू मेनी रीडायरेक्ट्स' म्हणतो. टार्गेट-फिल्टर-लाइफसायकल ट्रू करा, नाहीतर ते काम @पोस्ट-कन्स्ट्रक्ट असलेल्या मेथडमध्ये हलवा.

सेशन-लिसनरला अशी प्रॉक्सी नाही. त्याला येणाऱ्या इव्हेंटमधून सेशन घ्या, सेशनमधून सर्व्हलेट-कॉन्टेक्स्ट, आणि मग पहिल्या मार्गाने बीन. इथे मात्र 'रिक्वायर्ड' नसलेली मेथड वापरून नल तपासा, कारण सेशन संपल्याची बातमी अ‍ॅप बंद होतानाही येऊ शकते. टाइमआउट झालेलं सेशन टॉमकॅटच्या पार्श्वभूमीतल्या थ्रेडवर संपतं. त्या वेळी कुठलीच रिक्वेस्ट चालू नसते, म्हणून रिक्वेस्ट-स्कोपचे (एका रिक्वेस्टपुरतेच जगणारे) बीन्स तिथे मागू नका.

जेएसपी

जेएसपीत स्क्रिप्टलेट (पानातच लिहिलेला जावा कोड) उघडून गेट-बीन बोलवलेलं बऱ्याच जुन्या अ‍ॅप्समध्ये दिसतं. चालतं, पण नको. पान स्प्रिंगच्या कंट्रोलरमधून येत असेल तर आकडा मॉडेलमध्ये घाला, विषय संपला. बीनच हवा असेल तर इंटर्नल-रिसोर्स-व्ह्यू-रिझॉल्व्हरला एक्सपोज्ड-कॉन्टेक्स्ट-बीन-नेम्स ही प्रॉपर्टी आहे, तिच्यात मोजक्या बीन्सची नावं द्या. सगळे बीन्स एकदम उघडे करणारी प्रॉपर्टीही आहे. ती लावली की पान लिहिणाऱ्याच्या हातात डेटासोर्ससुद्धा येतो, म्हणून टाळा.

ही सोय फक्त स्प्रिंगमार्फत आलेल्या पानांना मिळते. थेट यूआरएलने उघडणाऱ्या जेएसपीसाठी सर्व्हलेट-कॉन्टेक्स्ट-अ‍ॅट्रिब्यूट-एक्सपोर्टर नावाचा बीन ठेवा आणि त्याच्या अ‍ॅट्रिब्यूट्स या मॅपमध्ये नाव व बीन लिहा. तो बीन अ‍ॅप्लिकेशन स्कोपमध्ये जातो आणि कुठल्याही जेएसपीत डॉलर-महिरपी कंसात नावाने मिळतो. ईएल (जेएसपीतली ही कंसातली छोटी भाषा) २.२ पासून, म्हणजे टॉमकॅट ७ पासून, तिथून पॅरामीटरसह मेथडही बोलवता येते. पण २०० ओळींच्या तक्त्यात प्रत्येक ओळीला बीनची मेथड आणि तिच्या पोटात क्वेरी असली, तर पान उघडताना २०० क्वेरी जातात, आणि जेएसपीकडे बघून ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

क्वार्ट्झ आणि हायबरनेट

दोन्ही लायब्ररी स्वतःच ऑब्जेक्ट बनवतात, पण 'ऑब्जेक्ट कसा बनवायचा' हे बाहेरून सांगायची खिडकी दोघींनी ठेवली आहे. ती वापरा, मागच्या दाराने बीन घुसवू नका.

क्वार्ट्झमध्ये ती खिडकी म्हणजे जॉब-फॅक्टरी. शेड्यूलर-फॅक्टरी-बीनला स्प्रिंग-बीन-जॉब-फॅक्टरी द्या. स्प्रिंग ५.१ पासून ही फॅक्टरी जॉबमध्ये @ऑटोवायर्ड स्वतः भरते. त्याआधीच्या आवृत्त्यांत तिला एक्स्टेंड करून, तयार झालेला जॉब ऑटोवायर-केपेबल-बीन-फॅक्टरीच्या ऑटोवायर-बीन या मेथडला द्यावा लागतो. ही मेथड लक्षात ठेवा: दुसऱ्या कोणी बनवलेला कुठलाही ऑब्जेक्ट तिच्या हाती दिला की ती त्याची फील्ड्स भरून देते. क्वार्ट्झच्या जॉब-डेटा-मॅपमध्ये मात्र बीन ठेवू नका. जॉब्स डेटाबेसमध्ये साठवले जात असतील तर तो मॅप सिरियलाइज होतो (बाइट्समध्ये बदलून साठवला जातो) आणि नॉट-सिरियलायझेबल-एक्सेप्शन येतं. मॅपमध्ये खाते क्रमांक, तारीख अशा साध्या गोष्टी ठेवाव्यात.

हायबरनेट ५.३ आणि स्प्रिंग ५.१ एकत्र असतील तर स्प्रिंग-बीन-कंटेनर लावून एंटिटी-लिसनर आणि कन्व्हर्टरमध्ये इंजेक्शन मिळतं. खुद्द एंटिटीत सर्व्हिस घुसवायची तर @कन्फिगरेबल आहे, पण त्याला अ‍ॅस्पेक्ट-जेचं वीव्हिंग (तयार क्लासमध्ये जादा कोड मिसळणं) लागतं. एवढा खटाटोप करण्यापेक्षा ठेव-एंटिटीच्या व्याज काढणाऱ्या मेथडला इंटरेस्ट-सर्व्हिस पॅरामीटर म्हणून द्या.

स्टॅटिक क्लास: शेवटचा उपाय, जो सगळे आधी करतात

आता हिशेब-युटिल. त्याची काढ-व्याज ही स्टॅटिक मेथड शंभर ठिकाणांहून बोलवली जाते आणि ती सगळी ठिकाणं आज बदलणं शक्य नाही. इंटरनेटवरचा ठरलेला उपाय असा: अ‍ॅप्लिकेशन-कॉन्टेक्स्ट-अवेअर पाळणारा क्लास लिहा, त्यात कॉन्टेक्स्ट स्टॅटिक फील्डमध्ये ठेवा, आणि कुठूनही गेट-बीन बोलवा.

तो चालतो, म्हणूनच पसरतो. सहा महिन्यांनी नवीन कोडही इंजेक्शन सोडून याच वाटेने बीन मागायला लागतो, आणि कुठला क्लास कशावर अवलंबून आहे ते कन्स्ट्रक्टर बघून कळेनासं होतं. म्हणून पूर्ण कॉन्टेक्स्ट उघडा करू नका. जुन्या कोडला फक्त इंटरेस्ट-सर्व्हिस हवी आहे, तर तेवढीच द्या. हिशेब-ब्रिज नावाचा छोटा क्लास करा. त्यात इंटरेस्ट-सर्व्हिस प्रकारचं एक प्रायव्हेट स्टॅटिक व्होलाटाइल फील्ड. हा क्लास स्वतः बीन, कन्स्ट्रक्टरमध्ये इंटरेस्ट-सर्व्हिस घेणारा. @पोस्ट-कन्स्ट्रक्टमध्ये स्टॅटिक फील्ड भरायचं, @प्री-डिस्ट्रॉयमध्ये परत नल करायचं. आणि ते फील्ड देणारी स्टॅटिक मेथड नल आढळल्यास इलीगल-स्टेट-एक्सेप्शन टाकेल, 'स्प्रिंग कॉन्टेक्स्ट अजून सुरू झालेला नाही' अशा स्वच्छ संदेशासह.

तीन ठिकाणी घात होतो. पहिलं, हिशेब-युटिलमध्ये स्टॅटिक ब्लॉकमधूनच ब्रिजला हाक मारली असेल, आणि क्लास कॉन्टेक्स्टच्या आधी लोड झाला, तर पहिल्या वेळी एक्सेप्शन-इन-इनिशियलायझर-एरर येतो. त्यानंतर प्रत्येक वेळी मात्र नो-क्लास-डेफ-फाउंड-एरर. लॉगमध्ये दुसरा एरर ढिगाने असतो, पहिला एकदाच. मग लोक हरवलेली जार शोधत बसतात. हा एरर दिसला आणि त्यात 'कुड नॉट इनिशियलाइज क्लास' असे शब्द असले, तर लॉगमध्ये वर जाऊन पहिला एरर गाठा.

दुसरं, ब्रिजचं पॅकेज मूळ आणि डिस्पॅचर अशा दोन्ही कॉन्टेक्स्टमध्ये स्कॅन झालं तर नंतर आलेला आधीच्याला खोडतो. तिसरं, एखादा दुसरा बीन आपल्या @पोस्ट-कन्स्ट्रक्टमध्ये हिशेब-युटिल वापरत असेल, तर ब्रिज त्याच्या आधी तयार व्हायला हवा. हे अवलंबित्व स्टॅटिक असल्यामुळे स्प्रिंगला दिसत नाही, ते @डिपेंड्स-ऑन लिहून सांगावं लागतं.

उलटी दिशा: जुना ऑब्जेक्ट स्प्रिंगला देणं

जुन्या कोडचा स्वतःचा सिंगलटन (सगळ्यांसाठी एकच असलेला ऑब्जेक्ट) असतो, समजा गेट-इन्स्टन्स मेथड असलेला कनेक्शन पूल, आणि तोच नव्या बीन्सनीही वापरायला हवा. कॉन्फिगरेशन क्लासमध्ये @बीन मेथड लिहून तिच्यातून गेट-इन्स्टन्सचा ऑब्जेक्ट परत करा. जुन्या एक्सएमएल पद्धतीत फॅक्टरी-मेथड हा अ‍ॅट्रिब्यूट आहे.

सापळा असा की @बीन मेथडने दिलेल्या ऑब्जेक्टला क्लोज किंवा शटडाउन नावाची पब्लिक मेथड असेल, तर कॉन्टेक्स्ट बंद होताना स्प्रिंग ती स्वतःहून बोलवतं. पूल जुन्या कोडच्या मालकीचा आणि बंद मात्र स्प्रिंग करतं. सर्व्हरकडून जेएनडीआयने (नावाने शोधून) घेतलेल्या डेटासोर्सलाही हाच धोका. अशा वेळी @बीनच्या डिस्ट्रॉय-मेथडला रिकामी स्ट्रिंग द्या. ज्याने ऑब्जेक्ट बनवला त्यानेच तो मिटवावा, हा नियम दोन्ही दिशांना लागू आहे.

बीन मिळाल्यावर काय बिघडतं

पासबुक-सर्व्हलेटमध्ये पूर्वी दर रिक्वेस्टला 'न्यू' व्याज-कॅल्क्युलेटर होत होता. आता तोच कोड सिंगलटन बीनमध्ये गेला आणि सगळ्या थ्रेड्सना एकच ऑब्जेक्ट मिळू लागला. त्याच्या फील्डमध्ये सिंपल-डेट-फॉरमॅट असेल तर गर्दीच्या वेळी पासबुकवर भलत्याच तारखा छापल्या जातात, कारण तो क्लास थ्रेड-सेफ नाही. एकट्या डेव्हलपरच्या मशीनवर हे कधीच दिसत नाही. जावा ८ चा डेट-टाइम-फॉरमॅटर वापरा, आणि बीन करण्यापूर्वी क्लासमधलं प्रत्येक बदलतं फील्ड शोधून मेथडच्या आत हलवा. या लेखातलं एकच काम नीट करायचं झालं तर हे करा.

गेट-बीनला इंटरेस्ट-सर्व्हिस-इम्प्ल असा प्रत्यक्ष क्लास दिला आणि 'असा बीन नाही' म्हणून एक्सेप्शन आलं, तर बहुधा मधे प्रॉक्सी आहे. क्लासला इंटरफेस असेल तर स्प्रिंग ट्रान्झॅक्शनसाठी त्या इंटरफेसची प्रॉक्सी करतं आणि ती प्रॉक्सी इम्प्ल प्रकारची नसते. इंटरफेस मागा. स्प्रिंग बूटमध्ये (स्प्रिंगची सेटिंग आपोआप करून देणाऱ्या मांडणीत) २.० पासून क्लासचीच प्रॉक्सी होते, त्यामुळे तिथे चाललेला कोड साध्या स्प्रिंगमध्ये आणला की अडकतो.

सर्व्हिसने हायबरनेटची एंटिटी परत केली आणि सर्व्हलेटने तिच्यातली खात्यांची यादी उघडली, तर लेझी-इनिशियलायझेशन-एक्सेप्शन. ती यादी उघडल्यावरच डेटाबेसमधून आणली जाते, आणि ट्रान्झॅक्शन सर्व्हिसच्या मेथडबरोबरच संपलेलं असतं. जुन्या कोडला एंटिटी देऊ नका, लागणाऱ्या आकड्यांचा साधा ऑब्जेक्ट भरून द्या.

सेशन किंवा रिक्वेस्ट स्कोपचा बीन डिस्पॅचर-सर्व्हलेटच्या बाहेर वापरायचा असेल तर रिक्वेस्ट-कॉन्टेक्स्ट-लिसनर किंवा रिक्वेस्ट-कॉन्टेक्स्ट-फिल्टर नोंदवा, नाहीतर 'या थ्रेडला रिक्वेस्ट जोडलेली नाही' अशा अर्थाचं एक्सेप्शन येईल. सर्व्हलेटच्या फील्डमध्ये असा बीन ठेवायचा तर तो स्कोप्ड प्रॉक्सी हवाच, कारण सर्व्हलेट सगळ्यांचा एकच असतो.

स्प्रिंग बूट असेल तर

बूटच्या आतल्या टॉमकॅटमध्ये बहुतेक दुखणी नाहीशी होतात. फिल्टर हा साधा बीन म्हणून ठेवला की बूट तो स्वतः नोंदवतं, सर्व्हलेटसाठी सर्व्हलेट-रजिस्ट्रेशन-बीन आहे. यातून नवं दुखणंही येतं: सिक्युरिटीच्या साखळीत घातलेल्या फिल्टरवर @कंपोनंट असेल तर तो दोनदा नोंदवला जातो, एकदा साखळीत आणि एकदा थेट टॉमकॅटकडे. त्याच्यासाठी फिल्टर-रजिस्ट्रेशन-बीन लिहून सेट-एनेबल्डला फॉल्स द्या.

आवृत्ती बदलताना हेही बघा. स्प्रिंग ६ आणि बूट ३ नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. त्यांना जावा १७ लागतो, आणि सर्व्हलेटचं पॅकेज जावाएक्सऐवजी जकार्ता झालं. जुन्या जारमधले सर्व्हलेट जावाएक्सवर असतील तर टॉमकॅट १० वर ते चालणार नाहीत. त्यांना हात लावता येत नसेल तर सध्या टॉमकॅट ९ आणि स्प्रिंग ५.३ वरच थांबणं भाग आहे.

खरंच एकच ऑब्जेक्ट आहे ना?

सगळं जोडून झालं की अंदाजावर राहू नका. सर्व्हलेट, फिल्टर, जॉब आणि ब्रिज या चारही ठिकाणी सिस्टिम क्लासची आयडेंटिटी-हॅश-कोड ही मेथड बीनवर चालवून आकडा लॉगमध्ये छापा. चारही आकडे सारखे यायला हवेत. एखादा वेगळा आला तर अ‍ॅप चढतानाचा लॉग उघडा आणि कॉन्टेक्स्ट सुरू झाल्याच्या ओळी मोजा. मूळ एक आणि प्रत्येक डिस्पॅचर-सर्व्हलेटचा एक, याहून जास्त ओळ असेल तर कोणीतरी कुठेतरी 'न्यू' कॉन्टेक्स्ट केलेला आहे. प्रोजेक्टमध्ये 'एक्सएमएल-अ‍ॅप्लिकेशन-कॉन्टेक्स्ट' शोधलंत की तो बहुधा सापडेल.

मग टेस्ट सर्व्हरवर अ‍ॅप बंद करून पुन्हा चढवा, असं काही वेळा करा, आणि टॉमकॅट मॅनेजरच्या पानावर 'फाइंड लीक्स' दाबा. जुन्या आवृत्तीचे क्लास मेमरीत अडकले असतील तर तिथे अ‍ॅपचं नाव दिसतं, आणि अशा वेळी पहिला संशयित म्हणजे नल करायचं राहिलेलं स्टॅटिक फील्ड किंवा थांबवायचा राहिलेला थ्रेड. हे बटण पूर्ण गार्बेज कलेक्शन घडवतं, म्हणून पतसंस्थेचा काउंटर उघडा असताना लाइव्ह सर्व्हरवर दाबू नका.